बुश बदलूनही गिअर पुन्हा ढिले का पडतात: किनारपट्टीवरील जुन्या व्हॅनच्या गिअर लिंकेजची दुरुस्ती

जुन्या व्हॅनचा गिअर लिव्हर डुलू लागतो, पहिला टाकायला जावे तर तिसरा पडतो, रिव्हर्स दोन-तीनदा चाचपडल्याशिवाय सापडत नाही. गॅरेजमध्ये नवे बुश, म्हणजे सांध्यातल्या पिनेभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, बसवले की काही महिने सगळे सुरळीत चालते आणि पुढचा पावसाळा उलटला की तेच रडगाणे नव्याने सुरू होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनारी भागात मासळी, आंब्याच्या पेट्या, किराणा किंवा शाळेची मुले वाहणाऱ्या व्हॅनच्या चालकांची ही तक्रार इतकी ठरलेली आहे की, बुश बदलणे हा दिवाळीपूर्वीचा एक खर्च म्हणूनच अनेकांनी गृहीत धरला आहे. माझ्या मते हा खर्च दरवर्षी करण्याचे काहीच कारण नाही. बुश हा लिंकेजमधील, म्हणजे लिव्हरची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत नेणाऱ्या दुव्यातील, सर्वांत स्वस्त भाग आहे आणि म्हणूनच तो सर्वांत आधी बदलला जातो; मूळ दुखणे मात्र बहुतेक वेळा बुशातून फिरणाऱ्या पिनमध्ये, ती पिन जिच्यात बसते त्या ब्रॅकेटच्या छिद्रात आणि पाणी अडवण्यासाठी असलेल्या, पण केव्हाच फाटून गेलेल्या रबरी बुटात, म्हणजे सांध्यावरच्या रबरी आवरणात, असते.

येथील मजकूर प्रामुख्याने ओम्नीसारख्या, म्हणजे पुढच्या आसनांखाली इंजिन असलेल्या आणि मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या व्हॅनना धरून लिहिला आहे. ही गाडी १९८४ मध्ये मारुती व्हॅन या नावाने बाजारात आली, १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळाले आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे रस्त्यावर असलेली प्रत्येक ओम्नी आता जुनीच म्हणायची. या रचनेत चालकाच्या हाताशी असलेला लिव्हर इंजिनाच्या पुढे आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे असतो. साहजिकच हाताची हालचाल गिअरबॉक्सपर्यंत नेणारा दुवा इंजिनाच्या उष्णतेजवळून आणि उघड्या तळाखालून जातो. मॉडेलनुसार हा दुवा लोखंडी दांड्यांचा असतो किंवा केबलचा. दांड्यांच्या रचनेबद्दल येथे सविस्तर लिहिले आहे, कारण दुरुस्तीला खरा वाव तिथेच आहे. केबलविषयी पुढे थोडक्यात सांगितले आहे.

ढिलेपणा कोठून येतो

लिव्हरला दोन कामे असतात. डावी-उजवीकडची हालचाल गिअरची जोडी निवडते आणि पुढची-मागची हालचाल त्या जोडीतला एक गिअर प्रत्यक्ष गुंतवते. दांड्यांच्या रचनेत काही ठिकाणी एकच दांडा स्वतःभोवती फिरून पहिले काम करतो आणि मागेपुढे सरकून दुसरे करतो, तर काही ठिकाणी दोन दांडे ही कामे वाटून घेतात. कोणत्याही प्रकारात लिव्हरच्या बुडाशी, मधल्या सांध्यांवर आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी बुश आणि पिना असतात. प्रत्येक सांध्याची झीज पुढच्या सांध्याच्या झिजेत मिळते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. समजा, चार सांध्यांत प्रत्येकी पाऊण मिलिमीटर सैलपणा आला, तर दांड्याच्या शेवटी ३ मिलिमीटर हालचाल वाया जाते. लिव्हरचा वरचा भाग टेकूखालच्या भागापेक्षा चौपट लांब असेल, तर हाताशी तोच सैलपणा १२ मिलिमीटर जाणवतो. गिअरबॉक्सच्या आत मात्र काट्याला, म्हणजे गिअर गुंतवणाऱ्या दुभंगलेल्या भागाला, गिअर पूर्ण गुंतवण्यासाठी जेमतेम काही मिलिमीटरच सरकायचे असते. त्यातला मोठा वाटा सांध्यांनीच खाल्ला, तर दाते अर्धेच गुंततात, गिअर जागी धरून ठेवणारी आतली गोळी आणि स्प्रिंग आपल्या खाचेत नीट बसत नाहीत आणि चढावर किंवा उतारावर ताण येताच गिअर सुटतो.

सुटणारा गिअर हा केवळ त्रासाचा विषय नाही. आंबा किंवा फोंडा घाट उतरताना व्हॅन दुसऱ्या गिअरवर इंजिनच्या रोधाने धरून ठेवलेली असते. त्या क्षणी गिअर निसटून व्हॅन न्यूट्रलमध्ये गेली, तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि भरलेल्या व्हॅनचे तापलेले ब्रेक किती साथ देतील याचा भरवसा नसतो. ज्या व्हॅनचा गिअर उतारावर एकदा जरी आपोआप सुटला असेल, तिने दुरुस्ती होईपर्यंत घाट उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोकणातच हे दुखणे का बळावते

दक्षिण कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. परंतु निव्वळ पावसाच्या पाण्याला दोष देऊन चालणार नाही. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असते आणि ते पाणी व्हॅनच्या तळाशी अनेक वाटांनी पोहोचते. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीवर चढताना-उतरताना ओल्या उतारावरून चाके ते उडवतात, किनाऱ्यालगतच्या रस्त्यांवर वाऱ्यासोबत खार येते आणि मिरकरवाड्याहून किंवा हर्णैहून मासळी भरणाऱ्या व्हॅनमध्ये बर्फ वितळून क्रेटमधून गळणारे खारट पाणी तळाच्या फटींतून थेट दांड्यांवर ठिबकत राहते. मासळीच्या व्हॅनचे लिंकेज शाळेच्या व्हॅनपेक्षा फार आधी जाते, याचे कारण सहसा चालकाचा हात नसून हे ठिबकणे असते.

त्यात भर पडते ती जांभ्याच्या तांबड्या धुळीची. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे भरपूर असतात आणि या धुळीचे बारीक कण फाटलेल्या बुटातून आत शिरून ग्रीसमध्ये मिसळतात. येथे एक उलटी वाटणारी गोष्ट घडते. बुश नायलॉनचा, म्हणजे मऊ असतो आणि पिन पोलादाची, म्हणजे कडक. म्हणून झिजायचा तो बुशच झिजेल, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात कडक कण मऊ बुशात रुतून बसतात, तिथे घट्ट धरले जातात आणि मग बुशच कानशीसारखा वागून पिनेला खाऊ लागतो. जुनी पिन काढून कापडाने पुसल्यावर हे स्वच्छ दिसते. तिची दोन्ही टोके मूळ मापाची राहिलेली असतात, मधला पट्टा मात्र एका बाजूने चकचकीत आणि दुसऱ्या बाजूने तपकिरी गंजाने खरवडलेला असतो; टोकाकडून मधल्या पट्ट्याकडे नख ओढत नेले की ते एका धारदार पायरीवर अडते.

या पिनेवर मूळ मापाचा नवा बुश चढवला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. पिन अर्धा मिलिमीटर झिजलेली असेल, तर पहिल्याच दिवशी तेवढा सैलपणा शिल्लक असतो आणि पायरीची धार नव्या बुशाची आतली बाजू तासू लागते. दुकानदाराने माल हलका दिला असे आपण म्हणतो, आणि कधीकधी ते खरेही असते. पण चांगल्यात चांगला बुशही अशा पिनेवर फार टिकणार नाही.

नायलॉनच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. साधे नायलॉन पाणी शोषते. सतत भिजत राहिल्यास ते आपल्या वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी घेऊ शकते आणि त्या प्रमाणात फुगते. दुकानात पिनेवर अगदी चपखल बसलेला बुश जुलैत फुगून पिनेला आवळतो, लिव्हर जड होतो, चालक जोर लावतो आणि मग बुश ब्रॅकेटमधल्या आपल्या जागेतच फिरू लागतो. तेथून ब्रॅकेटचे छिद्र लांबट होण्यास सुरुवात होते. पावसाळ्यात जड आणि ऑक्टोबरच्या उन्हात ढिला असा ज्यांचा अनुभव आहे, त्यांच्या व्हॅनमध्ये बहुधा हेच घडत असते.

लिंकेजला हात लावण्यापूर्वी

गिअर नीट न पडण्याचे खापर लिंकेजवर फोडण्यापूर्वी क्लच तपासणे आवश्यक आहे, कारण दोघांची लक्षणे एकमेकांत मिसळतात. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहावेत. बंद इंजिनावर ते सहज पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावरच अडत किंवा करकरत असतील, तर दोष बहुधा क्लच पूर्ण न सुटण्याचा आहे. ओम्नीसारख्या व्हॅनचा क्लच केबलने चालतो आणि खाऱ्या हवेत त्या केबलचे धागे आतून एकेक करून तुटत जातात. पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे क्लचवर जोर येण्याआधीची सैल हालचाल, अचानक वाढला असेल, तर आधी केबल पाहावी. उलट, बंद इंजिनावरही लिव्हर वाट शोधत फिरत असेल, तर लिंकेजकडे वळावे. थांबलेल्या गाडीत रिव्हर्स टाकताना होणारी हलकी करकर मात्र वेगळी काढावी. जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सहसा सिंक्रो, म्हणजे गुंतण्यापूर्वी दात्यांचा वेग जुळवणारी रचना, नसतो, त्यामुळे क्लच दाबल्यावर दोन-तीन सेकंद थांबून गिअर टाकल्यास ती जात असेल, तर ती दोष मानू नये.

यानंतर कोणते गिअर बिघडले आहेत ते कागदावर लिहून काढावे. हे काम क्षुल्लक वाटते, पण गॅरेजमधला अर्धा दिवस यामुळे वाचतो. पुढे ढकलून पडणारे गिअर, म्हणजे पहिला, तिसरा आणि असल्यास पाचवा, हे सगळेच सुटत असतील आणि मागे ओढून पडणारे दुसरा व चौथा ठीक असतील, तर बुशांपेक्षा दांड्याच्या लांबीची जुळणी चुकलेली असण्याचा संभव अधिक आहे. मागे ओढून पडणारेच सुटत असतील, तरीही निष्कर्ष तोच आणि चूक उलट दिशेची. पहिल्याऐवजी तिसरा पडणे, दुसऱ्याऐवजी चौथा पडणे किंवा रिव्हर्स न सापडणे, हा डाव्या-उजव्या हालचालीतला सैलपणा आहे आणि तो लिव्हरच्या बुडाशी व फिरणाऱ्या सांध्यांवर शोधावा. सगळेच गिअर पडतात पण लिव्हर सैल डुलतो, ही सार्वत्रिक झीज आहे. एकच गिअर सुटतो आणि बाकी सगळे ठाम बसतात, असे असेल तर लिंकेजवर खर्च करू नये, कारण दोष गिअरबॉक्सच्या आत, त्या गिअरच्या दात्यांत, काट्यात किंवा गोळी-स्प्रिंगमध्ये असतो आणि बाहेरचे कितीही बुश बदलले तरी तो जात नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंगही याच वेळी पाहून घ्यावे. लिव्हर गाडीच्या तळाला धरलेला असतो, तर गिअरबॉक्स रबरांवर तरंगत असतो. रबर खचले की ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना गिअरबॉक्स हलतो आणि दांडा त्याच्यासोबत ओढला जातो. हँडब्रेक ओढून, चाकांना अडण लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि एकाने ॲक्सिलरेटर झटक्याने दाबून सोडावा. लिव्हर मोठ्या झोक्याने हलला, तर माउंटिंग संशयास्पद आहे. पावसाळ्यापूर्वी तळाला जळके ऑइल आणि डिझेल फवारण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पत्र्याला त्याने काही काळ संरक्षण मिळतेही, पण तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. माउंटिंग आणि बूट यांचे आयुष्य त्यामुळे कमी होते. फवारायचेच असेल, तर हे दोन भाग प्लास्टिकने झाकून फवारावे.

सांधे एकेक करून तपासणे

व्हॅन सपाट जागी उभी करून, चाकांना दगड लावून, पक्क्या स्टँडवर घ्यावी. केवळ जॅकच्या भरवशावर व्हॅनखाली शिरू नये. अंगणातल्या ओल्या जांभ्याच्या मातीत जॅक कधी कलेल याचा नेम नसतो. इंजिन थंड असावे, कारण सायलेन्सरचा पाइप दांड्यांच्या जवळच असतो. एकाने वर बसून लिव्हर अगदी हळूहळू, गिअर न टाकता, पुढेमागे आणि डावीउजवीकडे हलवावा आणि दुसऱ्याने खालून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून पाहावे. बोटाच्या अर्ध्या भागाखाली एक तुकडा आणि उरलेल्या अर्ध्याखाली दुसरा तुकडा राहील असे बोट ठेवले, की डोळ्यांना न दिसणारा अर्ध्या मिलिमीटरचा सैलपणाही कळतो. लिव्हरपासून सुरुवात करून गिअरबॉक्सकडे जावे आणि सैल सापडलेल्या प्रत्येक सांध्यावर खडूने खूण करावी. पहिला सैल सांधा सापडताच तपासणी थांबवण्याचा मोह होतो, आणि दरवर्षीचे दुखणे नेमके तिथूनच सुरू होते.

तपासताना रबरी बुटांकडे विशेष लक्ष द्यावे. वरून शाबूत दिसणारा बूट खालच्या घडीत चिरलेला असतो. तो बोटांनी उलगडल्याशिवाय चीर दिसत नाही. आत तांबूस, दाणेदार झालेले ग्रीस सापडले, तर तो सांधा सैल असो वा नसो, उघडलाच पाहिजे.

सुटे करण्यापूर्वी दांड्याच्या आट्यांवर लॉकनटची, म्हणजे दांड्याची लांबी पक्की धरणाऱ्या नटाची, सध्याची जागा रंगाने किंवा कानशीच्या बारीक ओरखड्याने नोंदवून ठेवावी. लॉकनट गंजून बसलेला असेल, तर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री लावून ठेवावे आणि पान्याला लांब पाइप लावून झटका देण्याचा विचार सोडून द्यावा. आटे गेले तर दांडाच नवा शोधावा लागेल. पिन निसटू नये म्हणून लावलेल्या स्प्लिट पिना (दुभंगलेल्या तारेच्या पिना) आणि सर्क्लिप (स्प्रिंगच्या कड्या) एकदा काढल्या की पुन्हा वापरू नयेत. त्या किरकोळ किमतीच्या वस्तू आहेत आणि त्या निसटल्या तर दांडा रस्त्यावर लोंबतो.

पिन, बुश आणि छिद्र: तिघांची एकत्र दुरुस्ती

निघालेल्या पिनेचे माप व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापे घेण्याच्या पट्टीने, दोन ठिकाणी घ्यावे, एकदा टोकाशी आणि एकदा मधल्या झिजलेल्या पट्ट्यावर, आणि दोन्ही वेळा पिन पाव वळण फिरवून पुन्हा घ्यावे. टोक आणि मध्य यांत ०.१ मिलिमीटरहून अधिक फरक असेल, तर पिन बदलावी. नख अडेल एवढी पायरी असेल, तर मोजण्याचीही गरज नाही. मूळ पिन सुटी मिळत नसेल, तर लेथवर, म्हणजे धातू कातण्याच्या यंत्रावर, करून घेता येते; चिपळूणजवळच्या खेर्डी, रत्नागिरीच्या मिरजोळे किंवा कुडाळच्या एमआयडीसी परिसरातील लेथवाल्यांना हे किरकोळ काम आहे. जुनी पिन आणि ब्रॅकेट दोन्ही सोबत न्यावे, केवळ माप सांगून काम देऊ नये. धातू निवडताना स्टेनलेस मागितले की सगळे सुटले असे नाही. ३०४ जातीच्या स्टेनलेसवर खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात, आणि खड्डे पडलेली पिन बुशाला किसते. ३१६ जातीत मॉलिब्डेनम असल्याने ती खाऱ्या पाण्याला अधिक टिकते. तीही न मिळाल्यास साधी कडक पोलादी पिन उत्तम गुळगुळीत करून, भरपूर ग्रीससह वापरलेली बरी.

बुशासाठी माझी पसंती लेथवर ॲसिटलचा, म्हणजे दुकानात डेलरिन नावाने मिळणाऱ्या पांढऱ्या किंवा काळ्या दांड्यातून कातलेल्या बुशाला आहे. ॲसिटल नायलॉनच्या तुलनेत फारच कमी पाणी शोषते, त्यामुळे त्याचे माप पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात जवळपास तेच राहते. पितळी बुशाचा आग्रह अनेक मेस्त्री धरतात, आणि कोरड्या मुलखात तो आग्रह चुकीचा नाही. खाऱ्या ओलाव्यात मात्र पितळ आणि पोलाद एकमेकांना लागून राहिले की पोलाद अधिक वेगाने गंजते, आणि ग्रीस संपले की पितळी बुश खुळखुळू लागतो. शिवाय लिव्हरमधून इंजिनची थरथर हाताला जाणवते, जी प्लास्टिकचा बुश बरीचशी गिळून टाकतो. मूळचा नायलॉनचा तयार बुशच बसवायचा असेल, तर तो पिनेवर अगदी घट्ट नको. हाताने फिरवता येईल आणि तरी डुलणार नाही, इतकी सैल बसणी ठेवावी, म्हणजे फुगण्याला थोडी जागा राहते. तयार संच विकत घेताना नवी पिन खिशात घेऊन जावे आणि काउंटरवरच बुश पिनेवर चढवून पाहावा.

ब्रॅकेटचे छिद्र लांबट झाले असेल, तर त्याची उपेक्षा करू नये, कारण नवा बुश तिथे दाबून बसणार नाही आणि तो जागेतच फिरत राहील. छिद्राची झीज थोडी असेल, तर ते रीमरने, म्हणजे छिद्र नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने, एक माप मोठे, गोल करून घ्यावे आणि बुशाचा बाहेरचा व्यास त्याप्रमाणे वाढवून कातून घ्यावा. झीज जास्त असेल, तर वेल्डिंगने छिद्र भरून पुन्हा पाडावे लागते. अशा वेळी ब्रॅकेट सुटे करून वेल्डरकडे न्यावे. व्हॅनवरच वेल्डिंग करण्याचा आग्रह कोणी धरला, तर त्याला नकार द्यावा. पेट्रोलची नळी जवळून जाते, अनेक व्हॅनमध्ये गॅसचा संच आणि टाकीही असते आणि वाचणाऱ्या अर्ध्या तासासाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नाही. ब्रॅकेट जागच्या जागी बसवलेले असून सुटतच नसेल, तर तिथे लोखंडी बाही घालून बोल्टने आवळणे हा मार्ग उरतो. तो दिसायला सुबक नसतो, पण चालतो.

जोडणी करताना सांधा आधी गोड्या पाण्याने आणि मग रॉकेलने किंवा डिझेलने स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडा करावा. मीठ पाण्यात विरघळते, रॉकेलमध्ये नाही. म्हणून गोड्या पाण्याची पायरी गाळू नये. ग्रीस पाण्याला टिकणारे हवे. मच्छीमार होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानांत कॅल्शियमच्या साबणावर आधारलेले ग्रीस मिळते. ते पाण्याने सहजासहजी धुऊन जात नाही आणि या कामाला योग्य आहे. बुटाच्या ओठाला मात्र सिलिकॉन ग्रीस लावावे आणि फाटलेला बूट बदलूनच जोडणी पुरी करावी. बूट मिळत नाही, अशी सबब नेहमी ऐकू येते. मूळ बूट न मिळाल्यास स्टिअरिंगच्या टाय रॉडचा किंवा दुचाकीचा जवळच्या मापाचा बूट घेऊन दोन्ही टोकांना क्लिप आवळली, तरी काम भागते. सायकलची ट्यूब गुंडाळण्यापेक्षा ते निश्चित बरे, कारण ट्यूबमध्ये शिरलेले पाणी बाहेर पडत नाही.

जुळणी

सगळे सांधे पक्के झाल्यावर दांड्याची लांबी पूर्वीच्या खुणेवर ठेवून जोडावी, पण ती अंतिम समजू नये. जुन्या झिजेला सांभाळून घेण्यासाठी कोणीतरी ती पूर्वी बदललेली असण्याची शक्यता दाट असते. गिअरबॉक्सकडचा हात, म्हणजे दांडा ज्याला जोडला जातो ती पट्टी, न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करावी. तो दोन्ही बाजूंना समान दाबाने सरकून स्प्रिंगच्या जोराने मधोमध परत येतो. वर लिव्हर न्यूट्रलच्या जागी सरळ धरावा आणि या स्थितीत दांडा कोणताही जोर न लावता आपल्या पिनेवर बसेल, अशी लांबी ठेवून लॉकनट आवळावा. पिन बसवण्यासाठी दांडा ओढावा किंवा ढकलावा लागत असेल, तर तेवढीच चूक एका बाजूच्या सगळ्या गिअरमध्ये राहणार आहे. इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर टाकावा आणि गिअर पडल्यावर लिव्हर त्याच दिशेने थोडा आणखी दाबून पाहावा. पुढे ढकलून आणि मागे ओढून पडणाऱ्या गिअरमध्ये ही उरलेली हालचाल सारखी असली, तर जुळणी बरोबर आहे. एका बाजूला लिव्हर तळाच्या पत्र्याला किंवा कन्सोलला टेकत असेल, तर गिअर पूर्ण गुंतण्याआधीच त्याची वाट अडते. नव्या मॅटने किंवा जाड गालिच्याने असे झालेले अनेकदा दिसते.

केबलच्या रचनेत बुश फक्त दोन्ही टोकांना असतात आणि ते बदलता येतात. केबल आतून गंजली असेल तर मात्र ती बदलणे हाच उपाय आहे. आतून प्लास्टिकचे अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल ओतल्याने दोन दिवस बरे वाटते, मग धूळ चिकटून ती अधिकच जड होते. नवी केबल टाकताना ती सायलेन्सरपासून दूर, मूळ क्लिपांमध्येच बसवावी आणि तिला तीव्र वळण पडू देऊ नये.

रस्त्यातच दांडा सुटला, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. व्हॅन सपाट जागी घेऊन, इंजिन बंद करून, चाकांना दगड लावावे. बहुतेक वेळा स्प्लिट पिन गळालेली असते आणि तिच्या जागी जाड बांधणीची तार पिळून घातली, तर जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येते. पिनच हरवली असेल, तर गिअरबॉक्सचा हात खालून हाताने दुसऱ्या गिअरमध्ये सरकवावा आणि इंजिन सुरू करताना क्लच पूर्ण दाबून धरावा. मग व्हॅन दुसऱ्याच गिअरवर, सपाट रस्त्याने, हळूहळू नेता येते. चढ-उतार असतील तर ओढून नेणेच योग्य.

मासळी वाहणाऱ्या व्हॅनसाठी या दुरुस्तीची उत्तम वेळ मे महिन्याचा शेवट ही आहे. १ जूनपासून किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारीची बंदी लागू होते आणि अनेक व्हॅन तशाच, तळाला मीठ धरून, पावसात उभ्या राहतात. ऑगस्टमध्ये त्या बाहेर काढाव्यात तर लिव्हर जागचा हलत नाही. उभी करण्यापूर्वी तळ गोड्या पाण्याने धुऊन, सांध्यांना ग्रीस भरून ठेवावे आणि अधूनमधून इंजिन बंद असतानाच सगळे गिअर टाकून काढावेत. क्रेटखाली गळणाऱ्या पाण्यासाठी पत्र्याचा ट्रे करून त्याची नळी मागच्या दाराबाहेर काढली, तर लिंकेजसोबत तळाचा पत्राही वाचतो.

दुरुस्तीनंतर लॉकनट आणि दांडा यांच्यावरून रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवावी. घाटातून एक-दोन भरलेल्या फेऱ्या झाल्या की खाली वाकून ती रेघ पाहावी. ती तुटलेली दिसली तर नट सैल झाला आहे. पुन्हा आवळूनही ती तुटत राहिली, तर दांड्याचे आटेच झिजले आहेत आणि त्या टोकाला नवे आटे पाडलेला तुकडा जोडून घ्यावा लागेल.